रेषेचे वय, देहाचे वय : चित्रमालिकेच्या सदेह माध्यमांतराविषयी

१

मराठीत माध्यमांतराचा विचार प्रामुख्याने शब्दाकडून दृश्याकडे होणाऱ्या प्रवासापुरता झाला आहे. ‘श्यामची आई’ (१९५३) पासून ‘नटरंग’ (२०१०) पर्यंत या संदर्भात चर्चिल्या गेलेल्या बहुतेक चित्रपटांच्या मुळाशी गद्य साहित्यकृती आहे. त्यांच्याविषयी विचारला जाणारा प्रश्नही जवळजवळ ठरलेला आहे : लेखकाने शब्दांत जे सुचविले ते दिग्दर्शकाला पडद्यावर कितपत दाखविता आले?

या दृष्टीने २०१२ हे वर्ष उद्बोधक ठरते. त्या वर्षाच्या आरंभी मिलिंद बोकील यांच्या कादंबरीवर आधारित ‘शाळा’ प्रदर्शित झाला आणि मे महिन्यात चारुहास पंडित व प्रभाकर वाडेकर यांच्या चित्रमालिकेवर आधारित, श्रीरंग गोडबोले दिग्दर्शित ‘चिंटू’. पहिल्याची चर्चा साहित्यकृतीचे माध्यमांतर म्हणून झाली. दुसऱ्याकडे मुख्यतः सुटीतला बालचित्रपट म्हणून पाहिले गेले. वास्तविक माध्यमांतराच्या सिद्धान्तापुढे अधिक अवघड प्रश्न दुसऱ्यानेच उभा केला होता. कादंबरीतील मुकुंद जोशीला चेहरा नसतो. वाचक तो कल्पितो आणि नट तो पुरवितो. चिंटूला मात्र चेहरा आधीपासूनच आहे आणि तो वाचकाने वर्षानुवर्षे रोज सकाळी पाहिलेला आहे. जे आधीच दृश्य आहे त्याचे पुन्हा दृश्य करावयाचे, म्हणजे नेमके काय करावयाचे?

हा प्रश्न जगात सर्वाधिक वेळा आणि सर्वाधिक गांभीर्याने हाताळला गेला तो जपानमध्ये. तेथील ‘मांगा’ ही चित्रकथा आणि ‘ॲनिमे’ हा चलचित्रपट यांवर जिवंत नटांना घेऊन चित्रपट काढण्याची परंपरा महायुद्धोत्तर काळापासून अखंड चालू आहे. व्यवहारात ज्याला ‘लाइव्ह-ॲक्शन’ म्हणतात त्याला प्रस्तुत निबंधात ‘सदेह चित्रपट’ अशी संज्ञा वापरली आहे. तुकोबांच्या सदेह वैकुंठगमनामुळे हा शब्द मराठी कानाला परका नाही. फरक इतकाच, की येथील प्रवास उलट्या दिशेचा आहे. जे वैकुंठात, म्हणजे काळाच्या बाहेर, सुखाने नांदत होते ते देह घेऊन खाली उतरते.

निबंधाचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे. सदेह माध्यमांतराची परीक्षा सहसा साम्याच्या निकषावर होते : केस तसे आहेत का, डोळे तसे आहेत का, पोशाख जुळला का. हा निकष अपुरा आहे. रेषा आणि देह यांतील मूलभूत भेद रूपाचा नसून काळाचा आहे. देहाचा काळ स्वीकारून त्यातून काही नवे कमावणारे माध्यमांतर टिकते. देह घेऊनही रेषेच्या काळात राहू पाहणारे, अथवा दोन्ही काळ गमावून बसणारे माध्यमांतर कोसळते. या प्रतिपादनाच्या कसोटीसाठी ‘चिंटू’ आणि काही जपानी चित्रपट शेजारी शेजारी ठेवून पाहावयाचे आहेत.

२

प्रथम रेषा काय करते ते पाहू. स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या चित्ररूप ग्रंथात दोन निरीक्षणे मांडली आणि ती आता या क्षेत्रात सर्वपरिचित झाली आहेत. पहिले असे, की चेहरा जितक्या कमी रेषांत काढलेला असेल तितका तो अधिकांचा होतो. तपशीलवार चेहरा दुसऱ्याचा असतो, दोन ठिपके आणि एक रेघ यांत मात्र वाचक स्वतःला पाहू शकतो. दुसरे निरीक्षण दोन चौकटींमधील रिकाम्या फटीविषयीचे आहे. क्रिया त्या फटीत घडते आणि ती घडविणारा वाचकच असतो.

यांपैकी दुसरे निरीक्षण आपल्याला नवे वाटण्याचे कारण नाही. सिंधुदुर्गातील पिंगुळी येथील ठाकर समाजाच्या चित्रकथी परंपरेत रामायण-महाभारतातील प्रसंगांची चित्रे एकामागून एक समोर धरली जातात आणि गायक दोन चित्रांमधील अंतर आपल्या आवाजाने भरून काढतो. तेथे फट श्राव्य असते. छापील चित्रमालिकेत ती मूक असते. परंतु स्थिर चित्रे आणि त्यांच्यामधील कल्पित काळ ही रचना एकच आहे.

मॅक्लाउड यांच्या या दोन निरीक्षणांना तिसऱ्याची जोड द्यावी लागते. दैनिकातील चित्रमालिकेचा काळ पंचांगाचा असतो. आंब्याचे दिवस येतात, पाऊस येतो, गणपती येतात, सहामाही परीक्षा येते, दिवाळी येते आणि पुन्हा आंब्याचे दिवस येतात. तिथी परत येते, वय मात्र पुढे सरकत नाही. नोव्हेंबर १९९१ मध्ये ‘सकाळ’मध्ये अवतरलेला चिंटू ‘चिंटू’ चित्रपटाच्या वेळी वीस वर्षांहून अधिक काळ शाळकरी होता. त्याच्यासोबत पहिल्या दिवशी हसलेली मुले तोवर स्वतः पालक झाली होती. याउलट मनुष्यदेहाचा काळ जन्मपत्रिकेचा असतो. तो एका क्षणी सुरू होतो, एकाच दिशेने चालतो आणि परत येत नाही. पंचांग सर्वांचे असते, पत्रिका एकाची. रेषेकडून देहाकडे जाणे म्हणजे पंचांगातून पत्रिकेत उतरणे होय.

मराठीत म्हण आहे, की सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही. चित्रपटाच्या पडद्यावर आणखी एक सोंग फार काळ आणता येत नाही : वय न वाढण्याचे. ‘चिंटू’चा पुढचा भाग, ‘चिंटू २ : खजिन्याची चित्तरकथा’, वर्षभरातच, २०१३ मध्ये आला. यामागे व्यावसायिक कारणे असतीलच. तरीही शुभंकर अत्रे या बालनटाच्या देहाला चिंटू म्हणून मिळणारी मुदत मुळातच मर्यादित होती, ही गोष्ट माध्यमाच्या स्वभावातून येते. रेषेला आवाज फुटत नाही, मिसरूड येत नाही. मुलाच्या देहाला दोन्ही येतात.

३

‘चिंटू’ची योग्य तुलना जपानी मांगांतील कृतिप्रधान, शेकडो पानांच्या कथांशी होणार नाही. ती माचिको हासेगावा यांच्या ‘साझाए-सान’शी करावी लागेल. १९४६ मध्ये फुकुओकातील एका सायंदैनिकात सुरू झालेली ही चार चौकटींची मालिका पुढे ‘असाही शिंबुन’ या राष्ट्रीय दैनिकात गेली आणि १९७४ पर्यंत चालली. साझाए ही वेंधळी, मोकळी, मोठ्याने हसणारी तरुणी. तिचे आईवडील, धाकटी भावंडे, नवरा आणि मूल हे तिचे विश्व. युद्धोत्तर जपानी मध्यमवर्गाने आपले घर ज्या चार चौकटींत पाहिले त्या याच. मराठी वाचकाला येथे चिंटू, आई, पप्पा, पप्पू, मिनी, बगळ्या आणि शेजारच्या जोशीकाकू आठवल्यावाचून राहणार नाहीत.

जपानी चार चौकटींच्या मालिकेचा एक ठरीव घाट आहे : आरंभ, विस्तार, वळण आणि समारोप. तिसऱ्या चौकटीतले वळण हा तिचा प्राण असतो. ‘चिंटू’मध्ये चौकटींची संख्या कमीजास्त होत असली तरी तत्त्व तेच दिसते. मोठ्यांच्या तर्काला मुलाच्या तर्काने दिलेली कलाटणी आणि शेवटच्या चौकटीत मोठ्यांचा पडलेला चेहरा, एवढ्यावर मालिका उभी असते. अशा घाटाला कथानक लागत नाही, किंबहुना कथानक त्याला मारक ठरते. कारण कथानक म्हणजे परिणाम, आणि परिणाम झाला की उद्याची मालिका कालच्यासारखी राहू शकत नाही. शेवटच्या चौकटीत पडलेला चेहरा दुसऱ्या दिवशी पहिल्या चौकटीत पूर्ववत झालेला असलाच पाहिजे.

म्हणून दोन्हीकडील चित्रपटकारांपुढील अडचण एकच होती. दोन-तीन मिनिटांचे शेकडो विनोद एकापुढे एक ठेवले तर चित्रपट होत नाही. एक कथा सांगावयाची तर मालिकेचा घाट मोडावा लागतो. तोहो कंपनीने १९५६ ते १९६१ या काळात लोकप्रिय गायिका चिएमी एरी हिला घेऊन ‘साझाए-सान’वर दहा चित्रपट काढले. त्यांतून तिला साखरपुडा आणि मग नवा संसार अशा क्रमाने पुढे नेले. हासेगावांच्या रेषेतही साझाएचे लग्न होते. परंतु ते झाल्यावर मालिका पुन्हा पंचांगात स्थिरावते. चित्रपटांनी तो क्रम हेच आपले सूत्र केले, कारण नटीच्या देहाला क्रम टाळता येत नव्हता. दुसरीकडे, १९६९ मध्ये सुरू झालेली ‘साझाए-सान’ची ॲनिमे मालिका दूरचित्रवाणीवर अर्धशतकाहून अधिक काळ चालली आणि तिच्यात कोणाचेही वय वाढले नाही. एकाच मूळ कृतीचे हे दोन वंश शेजारी ठेवले की रेषा आणि देह यांचा कालभेद प्रयोगशाळेत मांडावा तितका स्वच्छ दिसतो.

आता ‘चिंटू’कडे पाहू. चित्रपटाने उन्हाळ्याची सुटी निवडली आणि मुलांच्या खेळाचे मैदान हातातून जाण्याचा प्रसंग मध्यभागी ठेवला. मूळ मालिकेतील विनोदांचे तुकडे येतात. सुबोध भावे आणि विभावरी देशपांडे यांचे पप्पा आणि आई मालिकेतील चेहऱ्यांची नक्कल न करता त्यांची लय पकडण्याचा प्रयत्न करतात. परंतु चित्रपटाची खरी कमाई या सर्वांपलीकडे, मैदानाच्या निवडीत आहे. दैनिकातील मालिकेत मैदान रोज सकाळी परत येते. ते कोणी बळकावले तरी उद्याच्या अंकात मुले पुन्हा तेथे चेंडू फेकताना दिसतील, आणि तसे दिसणे हाच मालिकेचा करार आहे. चित्रपटात मैदान खरोखर जाऊ शकते. भारतीय शहरांत मोकळ्या जागा कशा नाहीशा झाल्या हे ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला ही शक्यता कल्पित वाटत नाही. सुखान्त शेवटाने ती भीती शमविली जाते हे खरे. पण ती भीती चिंटूच्या विश्वात प्रथमच शिरली ती देहाच्या वाटेने. जे गमावता येत नाही त्याचे मोल रेषा हसवून सांगते, देह गमावून सांगतो.

चित्रपटाची मर्यादाही येथेच दिसते. मैदान जाण्याचा प्रश्न उभा करणारा चित्रपट त्याचे उत्तर मात्र पंचांगाच्या नियमाने देतो : सर्व काही पूर्ववत. देहाचा काळ अर्ध्या वाटेपर्यंत स्वीकारून तो मागे फिरतो. बालचित्रपटाच्या संकेतांचा विचार करता हा दोष क्षम्य ठरेल. समीक्षेने तो नोंदवून ठेवणे मात्र आवश्यक आहे.

४

हाच निकष दीर्घ मांगांवरील चित्रपटांना लावून पाहू. काझुओ कोइके आणि गोसेकी कोजिमा यांच्या ‘लोन वुल्फ अँड कब’ या नावाने जगभर गाजलेल्या मांगावर १९७२ ते १९७४ या काळात सहा चित्रपट निघाले. आरंभीच्या चित्रपटांच्या पटकथा मूळ लेखक कोइके यांनीच लिहिल्या. नायक ओगामी इत्तोची भूमिका करणारे तोमिसाबुरो वाकायामा अंगाने स्थूल होते. कोजिमांच्या शाईतील कृश, धारदार योद्ध्याशी त्यांचे साम्य थोडेच. तरीही ही भूमिका त्या पात्राची प्रमाण प्रतिमा होऊन बसली. कारण या स्थूल देहाला वजन होते. मुलाला लाकडी गाड्यात बसवून वाट तुडविणारा बाप दमतो, थांबतो आणि मग अकस्मात हलतो. कोजिमांच्या कुंचल्यातील वेग वाकायामांनी मंदपणाच्या पार्श्वभूमीवर उभा केला.

पार्क चान-वूक यांच्या ‘ओल्डबॉय’ (२००३) या कोरियन चित्रपटाचे उदाहरण याहून बोलके आहे. मूळ जपानी मांगात नायक दहा वर्षे अज्ञात कोठडीत असतो. चित्रपटाने ती पंधरा केली आणि बंदिवासामागील कारणही पूर्णपणे बदलले. साम्याच्या निकषावर हा चित्रपट अपयशी म्हणावा लागेल. परंतु त्यातील बोळातील मारामारीचे दृश्य पाहावे. कॅमेरा बाजूने सरकत राहतो आणि दृश्य कोठेही न तोडता नायक एकटा अनेकांशी झुंजतो. जणू एक लांबलचक चौकट डावीकडून उजवीकडे वाचली जात आहे. मांगात प्रहार आणि आघात यांच्यामध्ये रिकामी फट असते आणि त्या फटीत कोणी दमत नाही. येथे फट पूर्णपणे काढून टाकली आहे, म्हणून नायक धापा टाकतो, वाकतो, पडतो, उठतो. चित्रकथेच्या रचनेची आठवण जागी ठेवून देहाचा नियम पुरेपूर पाळण्याचे याहून नेमके उदाहरण सापडणे कठीण.

केइशी ओतोमो यांच्या ‘रुरोउनी केनशिन’ (२०१२) मध्येही तलवारबाजीतील वेगरेषांची जागा धावणे, घसरणे आणि धूळ यांनी घेतली आहे. न मारण्याची शपथ घेतलेल्या केनशिनच्या नैतिक पेचाला त्यामुळे शारीरिक कष्टाची जोड मिळते. हिरोकाझु कोरे-एदा यांनी अकिमी योशिदा यांच्या मांगावरून केलेला ‘उमिमाची डायरी’ (२०१५) तर कृतिप्रधान नाहीच. कामाकुरातील जुन्या घरात राहणाऱ्या तीन बहिणी आणि त्यांच्यात येऊन मिळालेली सावत्र चौथी यांची ही कथा. ऋतू बदलतात, झाडाच्या फळांचे मद्य घातले जाते, मर्तिके होतात. पंचांगाचा काळ आणि पत्रिकेचा काळ येथे एकमेकांत इतके विणले गेले आहेत, की मूळ कृती चित्रांत होती याची आठवणही प्रेक्षकाला राहत नाही.

अपयशाची उदाहरणे थोडक्यात पाहिली तरी पुरे. ‘ड्रॅगनबॉल इव्होल्यूशन’ (२००९) ने अकिरा तोरियामा यांच्या गोकूला अमेरिकन शाळेत नेऊन बसविले. पटकथालेखकाने २०१६ मध्ये चाहत्यांची जाहीर क्षमा मागितली. तेथे रेषेचे स्वैर आनंदविश्व गेले आणि देहाला स्वतःचे असे दुःख मिळाले नाही. ‘घोस्ट इन द शेल’ (२०१७) चा प्रश्न अधिक गंभीर आहे. मामोरू ओशीई यांच्या १९९५ च्या ॲनिमेतील अनेक दृश्ये या चित्रपटाने जशीच्या तशी उभी केली. म्हणजे साम्याचा निकष येथे बऱ्याच अंशी पाळला गेला होता. पण ज्या कथेचा विषयच यंत्रदेह आणि त्यातील चेतना हा आहे, तिच्यात स्कार्लेट जोहान्सन यांचा देह येताच तो देह कोणत्या वंशाचा, हा प्रश्न टाळता येईना. कथेने तो टाळलाही नाही : नायिका मुळात मोतोको नावाची जपानी मुलगी होती आणि तिचा मेंदू या देहात बसविला गेला, असे उलगडते. याचा अर्थ चित्रपटाला आपल्या भूमिकावाटपातील हिंसा ठाऊक होती. मात्र तिला कथानकातील रहस्याचे स्थान देऊन तो मोकळा झाला. रेषेतील मोतोको वंशाच्या प्रश्नाला बगल देऊ शकत होती. देह तशी बगल देऊ देत नाही.

५

येथवरच्या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. २०२३ मध्ये आलेल्या ‘वन पीस’ या सदेह मालिकेने पोशाख, केस, हावभाव यांत एइचिरो ओदा यांच्या रेखाटनाशी उघड साम्य राखले, आणि तरीही तिचे स्वागत झाले. मग साम्य त्याज्य कसे? साम्य त्याज्य आहे असे येथे म्हणावयाचे नाही. प्रश्न त्या साम्याचा दावा काय आहे, हा आहे. या विवेचनासाठी आपल्या परंपरेत एक अचूक शब्द उपलब्ध आहे : सोंग. सोंग आणि हुबेहूबपणा या भिन्न गोष्टी आहेत. सोंग आपण सोंग असल्याचे लपवीत नाही. दशावतारात रंगविलेला चेहरा घेऊन येणारा नट ‘मी विष्णू दिसतो’ असे म्हणत नाही; ‘मला विष्णू माना’ असे म्हणतो. हुबेहूबपणा प्रेक्षकाची फसवणूक मागतो, सोंग संमती मागते. ‘वन पीस’मधील पोशाख पोशाखासारखेच दिसतात आणि तेथेच संमतीचा करार होतो.

भारतीय चित्रपटाचा जन्मच अशा करारातून झाला, हे येथे स्मरणीय आहे. राजा रविवर्मा यांच्या छापखान्यात काम केलेल्या दादासाहेब फाळके यांच्यापुढे देवादिकांची रूपे छापील चित्रांत आधीच सिद्ध होती. प्रेक्षकांच्या देवघरातही तीच होती. या अर्थी पौराणिक मूकपट हा रंगीत छापील प्रतिमेचा सदेह अवतार होता. ‘लंकादहन’ (१९१७) मध्ये अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. एकच देह दोन्ही चित्रांना वाहून नेतो आणि प्रेक्षक ते मान्य करतो, याचे स्पष्टीकरण साम्याच्या सिद्धान्ताने देता येणार नाही. ते सोंगाच्या सिद्धान्तानेच देता येईल.

याच्या नेमक्या विरुद्ध टोकाला युगो साको उभे आहेत. राम मोहन यांच्या सहकार्याने त्यांनी घडविलेला ‘रामायण : द लिजंड ऑफ प्रिन्स राम’ (१९९२) हा भारत आणि जपान यांचा संयुक्त चलचित्रपट आहे. राम हा देव असल्याने त्याला नटाच्या देहापेक्षा रेखाटनातच दाखविणे योग्य, अशी साको यांची भूमिका होती. देहाला पत्रिका असते, देवाला नसते, असे आपल्या परिभाषेत म्हणता येईल. परंतु त्याआधी १९८७ पासून दूरचित्रवाणीवर अरुण गोविल यांचा देह घराघरांत राम म्हणून मान्य झाला होता. आणि साको यांच्या चित्रपटाच्या हिंदी आवृत्तीत रेखाटलेल्या रामाला आवाज मिळाला तो गोविल यांचाच. रेषेने देहाला नाकारले, तरी देह आवाजाच्या वाटेने परत आला. जानेवारी २०२५ मध्ये हा चित्रपट भारतातील चित्रपटगृहांत नव्याने प्रदर्शित झाला, तेव्हा त्याचे पात्र तीन दशकांपूर्वी होते तेवढ्याच वयाचे होते. रेषेची ही शक्ती कोणत्याही नटाला लाभत नाही.

ज्या प्रदेशात हा ग्रंथ सिद्ध होत आहे त्या छत्तीसगडने या प्रश्नाचे तिसरे उत्तर शतकानुशतके जतन केले आहे. पंडवानीच्या कापालिक शैलीत, जी तीजनबाईंनी जगभर नेली, गायिका एकटीच असते. हातातील तंबुरा क्षणात भीमाची गदा होतो, क्षणात अर्जुनाचे धनुष्य. देह एकच, पात्रे अनेक आणि साम्य शून्य. नवा रायपूरच्या पुरखौती मुक्तांगणात येथील लोककलावंतांच्या मनुष्याकृती मूर्ती उभ्या आहेत. त्या साम्याच्या दृष्टीने वाखाणण्याजोग्या आहेत. पण मूर्तीच्या हातातील वाद्य वाद्यच राहते, गदा होऊ शकत नाही. साम्य आणि सोंग यांतील भेद समजावून देण्यास याहून सोपे उदाहरण नको.

६

या चर्चेत मराठी वाचकाचे, विशेषतः महाराष्ट्राबाहेरील मराठी वाचकाचे, काय पणाला लागले आहे याचा विचार केल्यावाचून निबंध पुरा होणार नाही. १९५६ पर्यंत नागपूर ही राजधानी असलेल्या प्रांतात रायपूर होते, आणि त्याच्याही आधी भोसल्यांच्या राजवटीपासून मराठी कुटुंबे या मुलखात वसली आहेत. अशा कुटुंबातील मुलाचे मराठी हे घरातले मराठी असते. शाळा हिंदीत, रस्ता हिंदी-छत्तीसगढीत आणि दूरचित्रवाणीवरचे डोरेमॉन व शिनचॅनही हिंदीतच. त्याच्यापर्यंत ‘चिंटू’ पोचला तो संग्रह-पुस्तकांतून. रेषेतील चिंटूच्या घरामागे रस्त्याचे नाव नव्हते. चौकटीतील एक दार, एक खिडकी आणि एक झाड यांत रायपूरच्या मुलाला आपला मोहल्ला बसविता येत होता. थोडक्या रेषांचा चेहरा अधिकांचा होतो, तसे थोडक्या रेषांचे गावही अधिकांचे होते.

सदेह ‘चिंटू’ने हे गाव निश्चित केले. शहरी मध्यमवर्गीय वसाहत, तिची घरे, तिचे बोलण्याचे पुणेरी वळण हे सर्व कॅमेऱ्याला दाखवावेच लागते, कारण कॅमेऱ्याला ‘कोणतेतरी झाड’ दाखविता येत नाही. तो एकच झाड दाखवितो. यात दिग्दर्शकाचा दोष नाही. परंतु परिणाम असा झाला, की महाराष्ट्राबाहेरील मूल जेथे आतापर्यंत रहिवासी होते तेथे ते पाहुणे झाले. हीच गोष्ट महाराष्ट्रातील खेड्यातल्या मुलाबद्दलही म्हणता येईल. मालिकेतील चिंटूही मध्यमवर्गीयच होता. पण तेथे वर्ग सुचविलेला होता, येथे तो राहत्या घराच्या आकारात आणि उच्चारात मोजता येतो. रेषेने जी सर्वसमावेशकता दिली ती काही अंशी आभास होती, हे देहाने उघड केले. असे उघड करणे हीसुद्धा माध्यमांतराची समीक्षात्मक कामगिरीच मानली पाहिजे.

यावरचा उपाय पुन्हा रेषेकडे परतणे हा नाही. आर. के. लक्ष्मण यांच्या पात्रकल्पनेवर आधारित ‘वागले की दुनिया’ (१९८८) या मालिकेने वेगळा मार्ग दाखविला होता. लक्ष्मण यांचा प्रसिद्ध सामान्य माणूस मूक आणि प्रांतहीन. मालिकेने त्याला पडद्यावर उभे करण्याचा हट्ट धरला नाही. तिने वागले हे मराठी-कोकणी वळणाचे आडनाव असलेला, मुंबईत राहणारा, हिंदी बोलणारा कारकून घडविला आणि अंजन श्रीवास्तव यांच्या देहात तो भारतभर ओळखीचा झाला. विशिष्टतेला न घाबरता, तिच्यातूनच व्याप्ती साधता येते याचे हे उदाहरण. मराठी चित्रमालिकेच्या पुढील माध्यमांतरांना, ती ज्या कोणत्या पडद्यावर येतील, हा मार्ग खुला आहे : रायपूरचा, बेळगावचा, इंदूरचा चिंटू, ज्याचे मराठी तेथील असेल आणि ज्याचे मैदान तेथीलच कोणी बळकावलेले असेल.

७

सारांश, सदेह माध्यमांतराच्या समीक्षेने तीन प्रश्न विचारावेत असे सुचवावेसे वाटते. मूळ रेषेने कोणता काळ निर्माण केला होता, आणि देहाने त्याच्या मोबदल्यात कोणता काळ आणला? देहाने मागितली ती फसवणूक की संमती? आणि रेषेच्या मोकळ्या जागेत जे जे वाचक राहत होते त्यांपैकी कोण आत राहिले, कोण बाहेर गेले? पहिला प्रश्न घाटाचा आहे, दुसरा प्रयोगपरंपरेचा आणि तिसरा समाजाचा. लिंडा हचन यांच्या २००६ च्या ग्रंथानंतर निष्ठेच्या निकषावर माध्यमांतराची परीक्षा करण्याची पद्धत तौलनिक साहित्याभ्यासात मागे पडली आहे. परंतु निष्ठा बाजूला सारल्यावर रिकाम्या झालेल्या जागी काय ठेवावयाचे, हे प्रत्येक भाषेच्या समीक्षेला आपल्या परंपरेतूनच ठरवावे लागते. मराठीला त्यासाठी चित्रकथी आहे, दशावतार आहे, फाळके आहेत. आणि छत्तीसगडच्या शेजारामुळे पंडवानीही आहे.

त्यापूर्वीचे एक काम मात्र अगदी साधे आहे. कादंबरीची पहिली आवृत्ती ग्रंथालयात सापडते. दैनिकातील चित्रमालिका रद्दीत जाते. संग्रहांत निवडक मालिका येतात, त्यांची प्रसिद्धीची तारीख आणि शेजारची बातमी येत नाही. पंचांगाच्या काळात जगणाऱ्या संहितेची तारीखच हरवली, तर तिचा अभ्यास कशाच्या आधारे करावयाचा? मराठीच्या अध्यासनांनी आणि विद्यापीठांच्या ग्रंथालयांनी दैनिकांतील चित्रमालिकांचे दिनांकवार जतन हाती घ्यावे. रेषेला वय नसते. ज्या कागदावर ती उमटते त्याला मात्र असते.